विंडोजचे अपडेट दरवेळी अयशस्वी होऊन पुन्हा उतरते: बिघाड कुठे शोधावा?

प्रश्न (नारायण पेठ, पुणे)

नमस्कार. अप्पा बळवंत चौकाजवळ आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. तेथील मुख्य संगणकावर विंडोज ११ असून त्याचे मासिक अपडेट काही केल्या बसत नाही. ते उतरते, संगणक पुन्हा सुरू होताना काही टक्के पुढे जाते, मग केलेले बदल मागे घेतले जात असल्याची सूचना येते आणि दुसऱ्या दिवशी तेच अपडेट पुन्हा उतरू लागते. अपडेटच्या इतिहासात त्यापुढे ०एक्स८००७३७१२ हा त्रुटीचा क्रमांक दिसतो. याच संगणकावर प्रिंटरच्या ड्रायव्हरचे (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) अपडेट मात्र दरवेळी यशस्वी म्हणून नोंदले जाते, तरीही काही दिवसांनी तेच परत बसवले जाते. अपडेट जिथे उतरतात ते सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन हे फोल्डर रिकामे करून पाहिले, परंतु फरक पडला नाही. या यंत्रावर डाँगलवर (संगणकाला जोडावी लागणारी परवान्याची कळ) चालणारी जुनी मराठी अक्षरजुळणीची प्रणाली आणि अनेक पुस्तकांच्या फाइली आहेत, त्यामुळे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकणे शक्यतो टाळायचे आहे. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल का?

प्रतिसाद (कोथरूड)

नाही, हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बहुतेकांचा वेळ वाया जातो.

आधी मासिक अपडेटचे पाहू. आपण दिलेल्या क्रमांकाचा अर्थ असा, की विंडोजचे घटक जिथे साठवलेले असतात ते भांडार, म्हणजे विनएसएक्सएस, दूषित झाले आहे. सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशनमध्ये केवळ उतरवलेल्या फाइली आणि अपडेटच्या नोंदी असतात. अर्धवट उतरलेले अपडेट हा दोष असेल तरच ते रिकामे केल्याने गुण येतो. आपल्याकडे अपडेट नीट उतरते, पण ज्या जुन्या घटकांवर ते बसायचे तेच सदोष आहेत. अपडेट चालू असताना वीज जाणे किंवा डिस्क खराब होऊ लागणे ही याची नेहमीची कारणे आहेत, म्हणून सर्वप्रथम डिस्कची प्रकृती तपासावी आणि पुस्तकांच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्कच जात असेल तर पुढची कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून डिझम ही भांडार दुरुस्त करणारी आज्ञा ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ या पर्यायांसह चालवावी आणि ती पूर्ण झाल्यावरच एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा चालवावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एसएफसी खराब फाइलींच्या जागी चांगल्या फाइली त्याच भांडारातून आणते. भांडार सदोष असताना ती आधी चालवली तर हाती काही लागत नाही. डिझम एखाद्या टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखी दिसते, तेव्हा खिडकी बंद करू नये.

प्रिंटरच्या बाबतीत विंडोज आपल्या इतिहासात काय लिहिले आहे ते पाहतच नाही. प्रत्येक अपडेटसोबत ते लागू आहे की नाही हे ठरवणारे नियम येतात आणि ते यंत्राची प्रत्यक्ष स्थिती तपासतात. प्रिंटरसोबत आलेला एखादा साहाय्यक प्रोग्रॅम संगणक सुरू होताना स्वतःचा जुना ड्रायव्हर परत बसवत असेल, तर पुढच्या तपासणीत विंडोजला तो जुनाच दिसतो आणि अपडेट पुन्हा येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती व तारीख अपडेटनंतर लगेच आणि परत काही दिवसांनी लिहून ठेवावी; ती मागे गेलेली दिसली, तर कारण हेच आहे. तसे असल्यास तो साहाय्यक प्रोग्रॅम काढून टाकावा.

प्रतिसाद (बिबवेवाडी)

वरील विवेचन पटते. एक पुरवणी जोडतो, कारण त्रुटीचा क्रमांक दरवेळी खरे कारण सांगतोच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट आले तेव्हा अनेक यंत्रांवर ते ०एक्स८००७०६४३ दाखवून पडत असे. हा क्रमांक म्हणजे केवळ 'बसवणे फसले' असे सर्वसाधारण विधान आहे. खरे कारण रिकव्हरी विभाजनात (विंडोजच्या दुरुस्तीच्या साधनांसाठी डिस्कवर राखलेल्या भागात) जागा अपुरी असणे हे होते. तिथे २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि चुकीचा क्रमांक दाखवला जात असल्याचे मायक्रोसॉफ्टनेच नमूद केले होते. डिझम, एसएफसी किंवा फोल्डर रिकामे करणे यांपैकी कशानेही ते अपडेट बसणे शक्य नव्हते. म्हणून विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमधील सीबीएस नोंदवही (विंडोजचे घटक बसवतानाच्या नोंदींची फाइल) उघडून, अपडेट फसले त्या वेळेच्या आसपास 'एरर' हा शब्द शोधावा. कोणता घटक अडला त्याचे नाव बहुधा तिथे सापडते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डिस्क निरोगी आहे आणि फाइलींची प्रत घेतली आहे. प्रिंटरच्या ड्रायव्हरची तारीख खरोखरच मागे गेलेली आढळली. साहाय्यक प्रोग्रॅम काढला आहे. डिझम मात्र दुरुस्तीसाठी लागणाऱ्या फाइली सापडत नाहीत असे सांगून ०एक्स८००एफ०८१एफ या क्रमांकावर थांबते. आता काय करावे?

प्रतिसाद (कोथरूड)

याचा अर्थ चांगली प्रत कुठून आणावी हे डिझमला कळलेले नाही. विंडोजच्या आयएसओ फाइलमधील (विंडोज बसवण्याच्या डिस्कची एका फाइलीत साठवलेली प्रत) इन्स्टॉल.विम हा स्रोत म्हणून देता येतो, परंतु खराब झालेला घटक आयएसओनंतरच्या एखाद्या मासिक अपडेटमधून आला असेल, तर तो तिथे मिळणारच नाही. त्यामुळे मी त्यात फार वेळ घालवण्याचा सल्ला देणार नाही.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी उघडा. तिथे विंडोज अपडेटच्या साह्याने दोष दुरुस्त करण्याचा पर्याय आहे. तो सध्याचीच आवृत्ती नव्याने उतरवून जागच्या जागी बसवतो आणि प्रोग्रॅम, फाइली व सेटिंग्ज कायम ठेवतो. आपण टाळू पाहता त्या पुसून टाकण्याच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. हा पर्याय दिसत नसेल, तर त्याच भाषेची आणि त्याच प्रकारची (होम किंवा प्रो) आयएसओ चालू विंडोजमध्ये उघडून त्यातील सेटअप चालवावे आणि फाइली व प्रोग्रॅम दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा. तो पर्याय फिका दिसला, म्हणजे निवडता येत नसला, तर पुढे न जाता तिथेच थांबावे.

सुरू करण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, सी ड्राइव्हवर सुमारे २० जीबी जागा मोकळी करावी, डाँगल व बाहेरच्या डिस्क काढून ठेवाव्यात आणि अक्षरजुळणीच्या प्रणालीचा मूळ इन्स्टॉलर व डाँगलचा ड्रायव्हर हाताशी ठेवावा. सध्या संध्याकाळी वीज जात असेल, तर हे काम सकाळी आणि यूपीएसवर करावे. मासिक अपडेट त्यानंतर लावावे आणि ते बसल्याची खात्री झाल्यावरच डाँगल परत जोडावे.