अण्णांच्या कागदावर नुसतं ‘औषध’ नको, गोळ्यांची नावं हवीत. कुणाकडे जावं?

तासगावचा_बागायतदार
आमचे अण्णा ऑगस्टमध्ये गेले. वय 67. कंबरेसाठी मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं होतं, झोपेसाठी गावातल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम. दोघांना एकमेकांच्या चिठ्ठीचा पत्ता नव्हता. त्या रात्री कळ थांबेना म्हणून अण्णांनी पुन्हा पुन्हा गोळ्या घेतल्या. सकाळी आई चहा घेऊन गेली तर अंग गार. उशाशी दोन्ही स्ट्रिपा होत्या, त्या पंचनाम्यात दिल्या.

पीएमच्या (पोस्टमॉर्टेमच्या) कागदावर ‘औषधाची विषबाधा, व्हिसेरा राखून’ एवढंच आहे, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने लॅबच्या तपासणीसाठी ठेवलेत. आमच्याकडे ‘औषध घेतलं’ म्हटलं की लोक काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे. द्राक्षवाल्याच्या घरात औषध म्हणजे फवारणीचं. सोसायटीचं कर्ज होतंच, त्यामुळे दहाव्याच्या आधीच भावकीनं निकाल लावून टाकला. आई तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. मला त्या दोन गोळ्यांची नावं कागदावर हवी आहेत.

साताऱ्याचा_एमओ
दादा, ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर कारण येतच नाही, 1969 च्या कायद्यातच तसं आहे. कारणाचा वैद्यकीय दाखला वेगळा असतो, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते.

तुमच्या केसमध्ये लॅबचा रिपोर्ट आला की पीएम करणारा डॉक्टर अंतिम अभिप्राय देतो. त्याआधीच तपास अंमलदाराकडे दोन्ही चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आणि अर्ज द्या, पोच घ्या. मी स्वतः पीएम करतो. व्हिसेऱ्यात गोळी सापडली म्हणजे तीच कारण, असं मी लिहीत नाही. प्रमाण किती, सोबत काय होतं, आधीचा आजार काय, सगळं बघावं लागतं. पण ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलाम दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र जास्तच. तेच कारण ठरलं तर दोन्ही नावं लिहायलाच हवीत, आणि ती डॉक्टरांनी लिहून दिली होती हेसुद्धा. आजार आणि मृत्यूच्या कारणांची नोंद ज्या आंतरराष्ट्रीय कोडांनी होते, त्यात कीटकनाशकाचा कोड टी60, अल्प्राझोलामचा टी42.4. नाव नसलं की नोंद टी50.9 मध्ये, म्हणजे ‘कुठलं तरी औषध’. मग दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत माणूस गेला हे सरकारला कधी कळायचं?

विट्याचा_मेडिकलवाला
ही दोन्ही औषधं शेड्यूल एच1 मधली, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या सरकारी यादीतली. दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग लिहावे लागतात, आणि रजिस्टर 3 वर्षं ठेवावं लागतं. जिथून घेतली तिथे जा.

तासगावचा_बागायतदार
आज जाऊन आलो. अण्णांचं नाव आहे, दोन्ही गोळ्यांसमोर, तारखेसकट. दुकानदारानं पानाचा फोटो काढू दिला. घरी आईला तो मोठा करून वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. उद्या सकाळी अर्ज घेऊन ठाण्यात जातोय. आई म्हणाली, मीही येते.