जुनी जिप्सी की वापरलेली जिम्नी? बामणोलीकडच्या कच्च्या रस्त्यासाठी सल्ला हवा

रानवाट_सातारा:
राहायला साताऱ्यात, शेत बामणोलीच्या अलीकडे. डांबर संपल्यावर शेवटचे दोन किलोमीटर तांबड्या मातीचा चढ, मध्ये एक ओढा. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते, जून ते ऑक्टोबर ट्रॅक्टरशिवाय काही चढत नाही. आठवड्यातून दोन फेऱ्या, दोन माणसं, खताच्या तीन-चार गोण्या. महिन्यातून एकदा पुणे.

मारुतीच्या दोन फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या नजरेत आहेत. एक जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, ऑगस्ट २०११ ची नोंदणी, नवा रंग, ३१ इंची टायर, मागणी साडेचार लाख. दुसरी जिम्नी झीटा मॅन्युअल, २०२३ अखेरची, ३१,००० किमी, मागणी पावणेदहा लाख. जिप्सी घेऊन वर लाखभर घातले तर भागेल का? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासू?

पाटे_आणि_बुश:
नवा रंग बघून भुलू नका, गाडी रॅम्पवर चढवायला लावा. लहान हातोडी घेऊन चेसिस ठोकत जा, विशेषतः मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्या, बसतात तिथे. चांगलं लोखंड खणखणतं, आतून सडलेलं बद्द वाजतं. ताजं काळं कोटिंग फासलेलं असेल तर स्क्रूड्रायव्हरने खरवडून पाहा. मालक खरवडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. पत्रा बदलता येतो, पण चेसिसला पॅच मारलेली गाडी ओढ्यात घालू नये.

मग पुढचा ॲक्सल. चाक जॅकवर उचला, एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि आत-बाहेर हलवा. चाक हललं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलत राहिलं तर किंगपिनची (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिची) बेअरिंगं गेली. आता स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे नकलचा (ॲक्सलच्या टोकाला चाक वळतं त्या सांध्याचा) गोळा उघडा पडेल. त्यावर ग्रीसचा पातळ लेप असायला हवा. बोट फिरवल्यावर ग्रीसऐवजी पातळ, उग्र वासाचं तेल लागलं तर आतलं ॲक्सल सील फाटलंय आणि डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये उतरतंय. ते ग्रीस धुऊन नेतं, मग किंगपिन आणि जॉइंट दोन्ही झिजतात. ५०-६० च्या वेगात चाक खड्ड्यात आदळलं की स्टिअरिंग हातात थडथडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे किंवा टाय रॉड एंडमध्ये (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यात) असतं. काही जण नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारी नळी) लावून ती थडथड झाकतात. चकचकीत डॅम्पर दिसला तर किंगपिन पुन्हा तपासा.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा, छोट्या शाफ्टने जोडलेला असतो. त्याचे रबरी माउंट तुटले की क्लच सोडताना खालून धप्प आवाज येतो. मातीच्या चढावर लो (कमी वेग, जास्त जोर) टाकून पहिल्या गिअरमध्ये दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. दांडा उडून न्यूट्रलला आला तर आतलं काम निघालं. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

राहिले ३१ इंची टायर. कंपनीचा आकार २०५/७० आर १५, म्हणजे व्यास साधारण २६ इंच. तुमचे टायर जवळपास १८ टक्के मोठे. मीटरवर १०० किमी दिसले तर गाडी ११८ चाललेली असते. इंजिन ८० बीएचपीचंच, त्यामुळे लो गिअरचा बराच फायदा टायरच खाऊन टाकतो, शिवाय किंगपिनवर भार वाढतो. लाखभरात ॲक्सल, बुश (सांध्यांतले रबर) आणि मूळ मापाचे टायर बसू शकतील. चेसिस त्यात बसत नाही.

लो_रेंज:
वरचं सगळं पटतं. तरी तुमच्या रस्त्याला मी जिम्नी सुचवेन, आणि त्याला कारण तो ओढा. जिप्सीची दोन्ही डिफरन्शियल साधी आहेत. कर्णरेषेतली दोन चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, हलकी झाली की तीच गरगर फिरतात आणि गाडी जागेवर. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःहून ब्रेक लावते, तेव्हा जोर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाला मिळतो. यासाठी पाय मात्र स्थिर ठेवावा लागतो. चाक फिरलं म्हणून घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर काहीच होत नाही. शिवाय सहा एअरबॅग, एबीएस, एसी. पुण्याच्या फेरीला हे लागणारच.

तपासताना गाडी मातीवर न्या. टू-एचमधून (फक्त मागच्या चाकांना जोर) फोर-एच (चारही चाकांना) टाका, मीटरमधला दिवा लागून स्थिर राहिला पाहिजे. लुकलुकत राहिला तर पुढच्या हबच्या (चाक ॲक्सलला जोडणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूमच्या नळ्या आधी पाहा. हब त्याच व्हॅक्यूमवर जोडले जातात, आणि नळी चिरली की दांडा फोर-एचला असूनही पुढची चाकं ओढत नाहीत. फोर-एल (चारही चाकं, लो गिअर) गाडी थांबवून, क्लच पूर्ण दाबून टाकायचा. दोन्ही डिफरन्शियलचे बोल्ट उघडून थोडं ऑइल काढायला सांगा. दुधाळ दिसलं तर गाडी खोल पाण्यात गेलेली आहे. किंगपिन हिलाही आहेत, तेव्हा वरची जॅकची तपासणी इथेही करा.

किमतीचं: २०२३ च्या शेवटी आणि २०२४ मध्ये या गाडीवर मोठ्या सवलती होत्या. शोरूमचा छापील दर बाजूला ठेवा, पहिल्या मालकाचं मूळ बिल मागा आणि त्यावरून घासाघीस करा. मूळ हमी २ वर्षं किंवा ४०,००० किमी होती, ती वेळेने संपली. वाढीव हमी घेतली होती का ते सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन विचारा.

कागदपत्र_पाहा:
जिप्सीची १५ वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी पुनर्नोंदणी, वर हरित कर. वाढवलेली उंची आणि मोठे टायर आरसी बुकात चढवलेले नसतील तर त्या तपासणीत अडतील, म्हणजे मूळ मापाचे टायर आणि पाटे तुम्हालाच विकत घ्यावे लागतील. ती रक्कम आत्ताच मागणीतून कापा. सैन्याच्या लिलावातली असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रं पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

जिम्नीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा). हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, म्हणून हप्ता वाढलेला दिसेल.

रानवाट_सातारा:
आभार. जिम्नीकडे कल झालाय. चिखलाचे टायर आत्ता दोनच, पुढे किंवा मागे, घातले तर चालतील का?

लो_रेंज:
नाही. मधलं डिफरन्शियल नाही, फोर-एचमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र जखडले जातात. दोन्हीकडच्या टायरांचा घेर वेगळा असला की शाफ्ट पिळला जातो आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. चारही एकाच मेकचे, १९५/८० आर १५ मापाचे ए.टी. (ऑल-टेरेन, डांबर आणि माती दोन्हींचे) घ्या, दारावरचा पाचवाही त्याच मापाचा ठेवा. याच कारणासाठी कोरड्या डांबरावर फोर-एच लावायचं नाही. ओढा ओलांडून डांबर लागलं की लगेच टू-एच.