मदत हवी आहे: चौदा वर्षांचा मिडफिल्डर, ‘अंगानं कमी’ म्हणून निवड नाही. पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी,

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. माहेर साताऱ्याचं, सासर कोल्हापूरचं, तेही शिवाजी पेठेतलं. शाहू स्टेडियमवर तालमीचा (म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाचा) सामना असला की आमच्या घरात चूल थंड. सासरे गेले, आता नवरा तसाच, आणि पोरगा त्याच्या पुढचा.

मुलगा नववीत आहे. गेल्या नोव्हेंबरात चौदा पूर्ण झाली. उंची चार फूट दहा इंच, वजन ३६ किलो. खेळतो मैदानाच्या मधोमध. तो म्हणतो, “आई, मी आठ नंबर.” मला वाटलं जर्सीचा नंबर, पण जर्सीवर तर सतरा आहे! ते मधल्या जागेचं नाव असतं म्हणे.

दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावच्या एका निवासी अकादमीची निवड चाचणी होती (नाव देत नाही). तीन फेऱ्या पार केल्या. शेवटी सांगितलं, “पोरगं हुशार आहे, पण अंगानं कमी पडतंय. विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळवा, नाहीतर दोन वर्षांनी आणा.” दोन दिवस जेवला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका गृहस्थांचा फोन. स्पेनमध्ये दहा महिने राहायचं, तिथल्या क्लबमध्ये खेळायचं, शाळा ऑनलाइन. अकरा लाख रुपये, त्यातले दोन आत्ता. “युरोपात उंची बघत नाहीत, ताई.” आमच्या ह्यांनी पतपेढीत कर्जाची चौकशीसुद्धा करून ठेवली आहे.

मुलाच्या कपाटावर क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचचं चित्र आहे, तोही मधलाच खेळाडू. “त्यालापण बारका म्हणून हाकललं होतं,” हे दिवसातून दोनदा ऐकते. हे खरं आहे का? विंगला खेळवावं का? पैसे भरावेत का? आणि या धंद्यात माणसाचं पोट भरतं का? कोणी खेळलेलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

ता.क. महिनाभर गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणतोय. तालमीतल्या एकानं दुखणं मारायची गोळी दिली आणि तो तसाच खेळला. मला नंतर कळलं.

---

उंबरठा: ताई, पतपेढीची पायरी चढू देऊ नका. मी सहा वर्षं बार्सिलोनाजवळ राहतो. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणीच होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले तर, युरोपातल्या युरोपात सोळा वर्षांपुढे, सीमेलगत राहणारी मुलं, असे. कोल्हापूरचा चौदा वर्षांचा एकटा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. हाच नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये फिफानं खुद्द बार्सिलोना क्लबला खेळाडू घ्यायच्या दोन ठरावीक मुदतींत नवीन खेळाडू घ्यायला बंदी केली होती. जिथं बार्साला सोडलं नाही, तिथं फोनवरच्या गृहस्थांकडे कुठली वाट असणार?

इथं पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी अकादम्या आहेत, त्या बेकायदा नाहीत. पोरं सराव करतात, आपसात सामने खेळतात, फोटो छान येतात. पण त्याला ‘स्पेनच्या क्लबमध्ये खेळणं’ म्हणत नाहीत. त्या गृहस्थांना दोनच प्रश्न विचारा: मुलाची नोंदणी कुठल्या संघटनेकडे आणि कुठल्या अपवादाखाली होणार, आणि तुमचा फिफा एजंटचा परवाना क्रमांक काय. लेखी मागा.

---

आकडेमोड्या: मॉड्रिचची गोष्ट खरी आहे. झादर गावचा, जन्म सप्टेंबर १९८५. युद्धात १९९१ मध्ये आजोबांना मारलं, घर सुटलं, निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये चेंडू खेळत वाढला. हायदुक स्प्लिट हा तिकडचा मोठा क्लब, त्यांनी बारका म्हणून घेतला नाही.

पण तुमच्या मुलाला त्यापुढची गोष्ट सांगा, ती चित्रात दिसत नाही. सोळाव्या वर्षी तो डिनामो झाग्रेबकडे गेला आणि तिथंही लगेच मोठ्या संघात जागा मिळाली नाही. अठराव्या वर्षी त्याला उसना दिला, कुठं, तर बोस्नियातल्या मोस्तारला. मैदानं खडबडीत, समोर दांडगे बाप्ये. त्या हंगामात तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग पुन्हा उसना, झाग्रेबशेजारच्या झाप्रेशिचला. २००८ मध्ये टॉटनहॅम, २०१२ मध्ये रिअल माद्रिद, आणि त्याच वर्षाअखेर तिथल्या एका क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला २०१८ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी. त्याआधीची दहा वर्षं तो पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांतच फिरत होतं. २०२५ मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, एसी मिलानकडे गेला. मधल्या फळीतला खेळाडू उशिरा पिकतो. तिथं पळण्यापेक्षा कधी पळायचं नाही हे कळावं लागतं, आणि ते चौदाव्या वर्षी कोणालाच कळत नसतं.

मात्र हायदुकनं त्या काळात आणखी कितीतरी पोरं परत पाठवली असतील. त्यांची चित्रं कोणी कपाटावर लावत नाही. म्हणून मॉड्रिच हा धीर धरायला ठीक, पुरावा म्हणून नाही.

खरी गोम तुमच्या धाग्यातच आहे. नोव्हेंबरचा जन्म! वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे त्याच्याच गटातला जानेवारीतला मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा. या वयात दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि फुटलेली मिसरूड. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, यावर ढीगभर अभ्यास झालेत. प्रशिक्षकाला वाटतं आपण गुण बघतोय, आणि तो बघत असतो जन्मतारीख. वर आपल्याकडची वयचोरी. समोरचा ‘चौदा वर्षांचा’ पोरगा दाढी करून आलेला असतो.

---

हाडवैद्य: (खरंच अस्थिरोगतज्ज्ञ आहे, नाव गमतीनं घेतलंय.) मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथं चिकटतो, तिथला उंचवटा दुखतोय का, ते दाबून बघा. वाढीच्या वयात धावणाऱ्या मुलांत हे सर्रास दिसतं, आणि बहुतेकदा हाडांची वाढ पुरी झाली की थांबतं. पण प्रत्यक्ष दाखवून घ्या. गोळी खाऊन खेळणं आजपासून बंद, आणि गोळी देणाऱ्याला माझ्यातर्फे दोन शब्द ऐकवा.

त्याच वेळी विचारा, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघता येईल का. संघटना वयचोरी पकडायला हीच तपासणी वापरतात. हाडं बाराची आणि कागद चौदाचा निघाला, तर मुलगा ‘कमी’ नाही, त्याची गाडी उशिराची आहे.

---

शापोरा: विंगबद्दल बोलतो. आमच्या गोव्यात मिडफिल्डर पिकतात: क्लायमॅक्स लॉरेन्स, लेनी रॉड्रिग्ज, ब्रँडन फर्नांडिस. लेनी चौतिशीतही आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली वरची लीग) मधली जागा राखून होता. ब्रँडनचं बघा. मडगावचा पोर, लहान वयात केपटाउनच्या अकादमीत गेला, दुखापतींनी वर्षं खाल्ली, परत आला, चार ठिकाणी फिरला. २०१७ मध्ये एफसी गोव्यात स्थिरावला. भारताकडून पहिला सामना जून २०१९ मध्ये, चोविसाव्या वर्षी.

बारक्या पोराला विंगला टाकतात ते धक्काबुक्कीतून वाचवायला. हेतू वाईट नसतो. पण विंगरच्या एका बाजूला रेषा असते, तिकडून कोणी येत नाही. मधल्याला चारी बाजूंनी माणसं. चेंडू येण्याआधी मान वळवून मागं कोण आहे ते बघून ठेवायची सवय तिथंच लागते. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी मोठे खेळाडू किती वेळा मान वळवतात ते वर्षानुवर्षं मोजलं. जे जास्त वेळा बघतात, त्यांचे पास जास्त पोचतात. बार्सिलोनाचा मिडफिल्डर चावी एर्नांदेस त्यात अव्वल होता, आणि तोही काही ताडमाड नव्हता.

कधीमधी विंगला खेळला तर बिघडत नाही, डावा पाय सुधारेल. पण मधली जागा सोडायला लावू नका. घरी करायला एक सोपं काम देतो. भिंतीवर चेंडू मारायचा, परत येईपर्यंत मागं बघायचं, आणि ताईंनी मागं उभं राहून बोटं दाखवायची. किती बोटं ते ओरडून सांगत चेंडू अडवायचा. रोज दहा मिनिटं.

---

माजी_बदली_खेळाडू: पोट भरतं का, याचं उत्तर मी देतो. मी महाराष्ट्रातल्या एका क्लबच्या वयोगटातून मोठ्या संघापर्यंत गेलो, अकरा सामने, त्यातले आठ बदली म्हणून. मग क्लबच बंद पडला. शेवटचे तीन पगार अजून यायचे आहेत.

हे माझ्यापुरतं नाही. महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. गोव्यातून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. आणि २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच अडकला, काही क्लबांनी पगार थांबवले. भारताकडून खेळणारी मुलं घरी बसून वाट बघत होती. पोरगा चांगला निघेल, पण खालची जमीन राहील की नाही ते त्याच्या पायांत नसतं.

म्हणून शाळा सोडू नका. ऑनलाइन शाळा म्हणजे शाळा सोडणंच. जिल्हा, विभाग, राज्य, जे खेळेल त्याचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. दहावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, रेल्वे आहे, पोलीस आहेत. मी आज बँकेत आहे तो त्या अकरा सामन्यांमुळे.

आणखी एक. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकावर मुलाची नोंद आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, कुठल्या क्लबच्या नावावर आहे, हे स्वतः डोळ्यांनी बघा. बाराव्या वर्षापासून कोणी शिकवलं ते त्या नोंदीवरून ठरतं. पुढे व्यावसायिक करार झाला की त्या क्लबांना मोबदला मिळू शकतो. म्हणून काही जण पोरांची नोंद गुपचूप अडकवून ठेवतात. कोऱ्या कागदावर सही नको.

---

पेठेतला_गडी: वहिनी, वरची मंडळी शहाणी आहेत, मी फक्त गावचं सांगतो. दोन वर्षांत पोरगं कुठं पळून जात नाही. क्रीडा प्रबोधिनीची, म्हणजे सरकारी निवासी क्रीडा संस्थेची, चाचणी द्या. आपल्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतून पुढं गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. फॉरवर्ड होता, ते सोडा.

तालमीच्या मोठ्या संघाबरोबर सरावाला पाठवा, सामन्याला नको. शाहू मैदानावर पेठेची इज्जत पणाला लागली की समोरचा पोर चौदाचा आहे का चाळीसचा, कोणी बघत नाही. आणि दादांना सांगा, अकरा लाखांत आख्ख्या तालमीला दहा वर्षं बूट येतील.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं सांगते.

परवान्याचा नंबर विचारल्यापासून त्या गृहस्थांचा फोन लागत नाही. ह्यांनी पतपेढीचा अर्ज फाडला, फाडताना तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. दुखणं हाडवैद्यांनी सांगितलं तेच. तीन आठवडे उड्या आणि पळणं बंद, मग हळूहळू. एक्स-रेत हाडांचं वय साधारण साडेबारा आलं. पोरानं तो कागद कपाटावर मॉड्रिचच्या शेजारी चिकटवलाय.

महासंघाच्या नोंदीत जन्ममहिना चुकून मार्च पडला होता. तालमीतल्या सरांनी दुरुस्तीला पाठवलंय. त्याला किती दिवस लागतात, कोणाला अनुभव आहे का?

भिंतीवर चेंडू मारणं बंद असल्यामुळे सध्या बसल्या बसल्या नुसती मान वळवायचा सराव चालू आहे. काल बाईंनी वहीत शेरा दिलाय, “वर्गात सारखा मागे बघतो.” शापोरा, याचं काय उत्तर लिहून पाठवू?