चिनी पाहुण्यांना टॉवेल द्यावा का? सत्काराबद्दल विचारायचं होतं

अक्कलकोट_रोड:
नमस्कार मंडळी. आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. लूम पुरवणाऱ्या चिनी कंपनीतून चौघे दोन दिवसांसाठी सोलापूरला येतायत. साठीचे मालक, एक मॅनेजर, एक इंजिनिअर आणि पंचविशीतली दुभाषी मुलगी. घरात ठरलंय ते असं: गेटवर शेवंतीचे हार, शाल-श्रीफळ, प्रत्येकाला चार पांढऱ्या टॉवेलचा सेट आणि कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ. दुसऱ्या दिवशी डॉ. कोटणीस (चीनमध्ये सेवा केलेले आपले सोलापूरचे डॉक्टर) यांचं स्मारक, मग जेवण. वडिलांचं म्हणणं, मान दिला की झालं, देश कुठलाही असो. पण घड्याळ भेट दिलेलं चालत नाही असं कुणीतरी सांगितलं. खरंय का? हाक काय मारायची, जेवताना काय सांभाळायचं? की आता तिकडेही हे सगळं मागे पडलंय?

लिपीवेडा:
दादा, तुमच्या यादीत श्रीफळ सोडलं तर जवळजवळ सगळंच बदलावं लागेल!

आधी घड्याळ. चिनी भाषेत 'घड्याळ भेट देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' यांचा उच्चार अगदी एकच, 'सोंग चोंग'. त्यामुळे भिंतीवरचं किंवा टेबलावरचं घड्याळ कुणी देत नाही. मनगटी घड्याळाचा शब्द वेगळा आहे, ते चालतं. छत्रीही नको, तिचा उच्चार 'पांगणं'शी जुळतो. चार हा आकडा 'मृत्यू'सारखा ऐकू येतो, म्हणून चार नग नकोत. दोन, सहा, आठ चालतील.

आता टॉवेल. सोलापुरात राहून टॉवेल देऊ नका म्हणणं जिवावर येतं, पण चीनच्या फुच्येन प्रांतात आणि तैवानमध्ये अंत्यविधीला आलेल्यांना टॉवेल द्यायची रीत आहे. तिकडे टॉवेल देणं म्हणजे संबंध तोडणं असा अर्थ घेतला जातो. त्यात पांढरा रंग हा सुतकाचा. दुसरीकडे मुख्य भूमीवर (तैवान सोडून उरलेल्या चीनमध्ये) बऱ्याच ठिकाणी लग्नात लाल टॉवेलांची जोडी बॉक्समध्ये घालून सर्रास देतात. म्हणजे वस्तू तीच, पण रंग, संख्या आणि प्रांत बदलला की अर्थ बदलतो. मालक मूळचे कुठले ते दुभाषी मुलीला आधीच मेसेज करून विचारा. विचारायला अवघड वाटत असेल तर सरळ सोलापुरी चादर द्या, लाल किंवा मरून, प्रत्येकी एक. त्यांच्याच लूमवरचा टॉवेल दाखवायचा असेल तर कारखान्यात टेबलावर सँपल म्हणून हातात द्या. सँपल म्हणजे भेट नव्हे, तिथे कुणी अर्थ काढत बसत नाही.

भेट गुंडाळायचा कागद लाल किंवा सोनेरी घ्या, पांढरा-काळा नको. नाव लिहायला लाल पेन वापरू नका, जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहीत नाहीत. द्यायचं ते दोन्ही हातांनी आणि मालकांपासून सुरुवात करून. 'अहो कशाला' असं एक-दोनदा म्हणतील, ते आपल्यासारखंच, तेवढ्यावर मागे घेऊ नका. समोर उघडत नाहीत, म्हणून 'उघडून बघा की' असा आग्रहही नको.

शेवंती: पांढरी आणि पिवळी शेवंती ही तिथे अंत्यविधीची आणि थडग्यावर वाहायची फुलं. गेटवर गळ्यात घालू नका. लाल गुलाबाचा हार किंवा छोटा गुच्छ पुरे. तीच शेवंती कोटणीस स्मारकात मात्र अगदी योग्य. तिथे फुलं वाहून ते बहुधा तीनदा वाकून नमस्कार करतील, तुम्हीही करा. गेटवर पाहुण्यांना आपला साधा नमस्कार ठेवा, तीनदा वाकणं हे दिवंगतांसाठी असतं.

निंबाळकर_ताई:
हाक मारण्याबद्दल. आडनाव आधी येतं. कार्डावर 'वांग' पहिलं असेल तर ते आडनाव, पुढचं त्यांचं नाव. पण बाहेरच्यांशी व्यवहार करणारे काही जण इंग्रजी कार्डावर क्रम उलटा करतात, म्हणून एकदा विचारून घ्या. मालकांना 'वांग त्सोंग' (त्सोंग म्हणजे आपल्याकडचे 'साहेब'), मॅनेजरला आडनाव आणि पुढे 'चिंगली', इंजिनिअरचं आडनाव ली असेल तर 'ली गोंग' (गोंग म्हणजे इंजिनिअर). मशीन जोडणारा कारागीर सोबत आला तर 'शिफू', म्हणजे आपले 'मिस्त्री' किंवा 'उस्ताद'. नुसत्या नावाने हाक फक्त घरच्यांनी आणि मित्रांनी मारायची.

दुभाषी मुलीला 'शियाओच्ये' म्हणू नका. जुन्या पुस्तकांत त्याचा अर्थ 'कुमारी' असा दिलेला असतो आणि तैवानमध्ये तो आजही नीट चालतो. पण मुख्य भूमीवर गेल्या काही दशकांत त्याला वाईट अर्थ चिकटलाय. 'मिस ली' म्हणा, प्रश्न मिटला. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे 'मिसेस अमुक' असा अंदाज लावू नका.

'तू'ला 'नी' आणि आदरार्थी 'निन'. आपल्या 'तुम्ही'इतकं ते सगळीकडे लागत नाही. पेइचिंगकडे (म्हणजे बीजिंग) जास्त ऐकू येतं, दक्षिणेत कमी. मालकांना 'निन' म्हटलंत तर मात्र कान टवकारतील.

कौतुक केलंत तर मोठी माणसं 'नाली नाली' म्हणतील. गटाराशी संबंध नाही! शब्दशः 'कुठे, कुठे', म्हणजे आपलं 'छे, कुठलं काय'. तरुण मुलगी सरळ 'थँक्यू' म्हणून मोकळी होईल. हा फरक तुम्हाला दोन दिवसांत दहादा दिसेल.

जुनी_गिरणी:
वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण चौघांना एकाच मापाने मोजू नका. साठीतल्या माणसाला घड्याळ खुपेल. पंचविशीतली मुलगी हसून सोडून देईल, पण मालकांसमोर तिलाच अवघडायला होईल, कारण समजावून सांगायचं काम तिच्यावर येणार.

बदलाचं मूळ घरात आहे. १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत शहरांत बहुतेकांना एकच मूल. चिनी भाषेत वडिलांच्या मोठ्या भावाला 'बोबो', धाकट्याला 'शूशू', मामाला 'च्यूच्यू'. आपल्याहून एक पायरी बारीक हिशोब. आता नवरा आणि बायको दोघंही एकुलती असली तर त्यांच्या मुलाला ना काका, ना मामा, ना आत्या, ना मावशी. शब्द आहेत, माणसंच नाहीत. आईवडिलांना भेटायला जाणं हे पूर्वी सांगावं लागत नव्हतं. १ जुलै २०१३ पासून ते ज्येष्ठांच्या कायद्यात लिहिलंय, की वेगळं राहणाऱ्यांनी वरचेवर भेटावं. कायदा करावा लागला यातच काय ते आलं.

म्हणून त्या मुलीला 'भावंडं किती, लग्न कधी' हे विचारू नका. तिच्या घरचे मोठे नवीन वर्षाला नेमकं हेच विचारतात आणि तिकडची तरुण पिढी त्यालाच वैतागलीय. उलट मालकांना नातवंडांबद्दल विचारलंत तर फोन काढून फोटो दाखवतील.

'धन्यवाद'चंही असंच. घरात सारखं थँक्यू म्हटलं तर 'परकं समजतेस का' असं चिनी आईही म्हणते, आपल्या आईसारखीच. शहरातली पोरं मात्र डिलिव्हरीवाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना म्हणतात. आणि मालकांनी सकाळी भेटल्यावर 'जेवलात का?' विचारलं तर ताट वाढायला पळू नका, ते नुसतं रामराम आहे. 'जेवलो' म्हणायचं.

भाकरी_कडक:
जेवणाचं मी सांगतो. मालकांना दाराकडे तोंड करून बसवा, शेजारी तुमचे वडील. दाराला पाठ असलेली जागा तुमची.

थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. बर्फाचं पाणी जुन्या पिढीला सोसत नाही असं त्यांचं पक्कं मत असतं. चहा बिनदुधाचा वेगळा करा आणि कप काठोकाठ भरू नका, दहातले सात भाग. आपल्याकडे बशीत सांडेपर्यंत भरतो, तिकडे भरलेला चहाचा कप म्हणजे 'प्या आणि निघा'. दारूचा पेला मात्र काठोकाठ. किटलीची चोच पाहुण्याकडे रोखू नका. चहा ओतताना कुणी टेबलावर दोन बोटं टकटक वाजवली तर ती घाई नसते, दक्षिणेतल्या क्वांगतोंग प्रांताकडचं ते थँक्यू आहे.

घरात दारू चालत नसेल तर लाजू नका. 'दारूच्या जागी चहा' ही त्यांच्याकडचीच मान्य रीत आहे. उभं राहून, कप दोन्ही हातांत धरून, मालकांच्या कपाच्या काठापेक्षा तुमच्या कपाचा काठ थोडा खाली ठेवून टेकवायचा.

आग्रह दोनदाच करा. पूर्वी ताटात थोडं उरवणं म्हणजे यजमानाने भरपूर वाढलं असं होतं, आणि ताट रिकामं दिसलं की यजमान पुन्हा वाढायचा. २०१३ पासून 'ताट साफ करा' मोहीम चालली, २०२१ मध्ये अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाही आला. त्यामुळे आता कुणी उरवेल, कुणी चाटूनपुसून खाईल, दोन्हींचा अर्थ लावत बसू नका. वाढायला वेगळा चमचा, तुमच्या ताटातला नको. कोविडनंतर याबाबत ते जास्त काटेकोर झालेत. कडक भाकरी द्या, चमचा-काटा शेजारी ठेवा, भाकरी मोडायची कशी ते एकदा करून दाखवा. शेंगा चटणी बिनधास्त वाढा, तिखट जरा बेताचं. शेंगदाणा त्यांच्याकडे लग्नात ठेवायचं शुभ दाणं आहे. मंचुरियन तेवढं नको. तो आपलाच शोध.

अक्कलकोट_रोड:
सगळ्यांचे आभार (परके समजत नाही). चादरींची ऑर्डर दिली, सहा घेतल्यात, दोन जास्तीच्या. दोन प्रश्न राहिले. शाल क्रीम रंगाची आणून ठेवलीय, चालेल? आणि स्मारकात त्यांच्याशी काय बोलू?

लिपीवेडा:
क्रीम लांबून पांढरीच दिसते, जरीकाठी लाल घ्या. स्मारकात डॉक्टरांचा उल्लेख त्यांच्या चिनी नावाने करा, 'क दीहुआ'. १९३८ मध्ये ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, जेमतेम बत्तीस वर्षांचे. मुलाचं नाव ठेवलं होतं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मालकांना हे माहीत असेलच. तुम्हालाही माहीत आहे, एवढं कळू द्या.

अक्कलकोट_रोड:
ठीक. आणि छापून आलेली चाळीस घड्याळं?

जुनी_गिरणी:
दिवाळीला डीलरांना. पाहुणे असताना ऑफिसच्या टेबलावर गठ्ठा राहू देऊ नका म्हणजे झालं.