मदत हवी आहे: सेवाभावी संस्थेचं सड्यावरचं घर घ्यावं का? (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसतं वाचते, आज विचारायला आले आहे.

आमचं घर हर्णैजवळच्या एका वाडीत, समुद्राच्या अगदी तोंडावर. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात छप्पर गेलं. तेव्हापासून निम्म्या घरावर पत्रे, निम्म्यावर उरलीसुरली कौलं आणि पावसाळा आला की वरून ताडपत्री. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे, मी अंगणवाडीत मदतनीस. घरात सासूबाई आणि आठवीतली मुलगी.

घरकुलाच्या यादीत नाव आहे, पण जागा सामाईक. सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांच्या पिढीची नावं आहेत आणि त्यांचे वारस विरारपासून दिव्यापर्यंत पसरलेत. गणपतीत सगळे जमतात, "सही काय, कधीही देऊ" म्हणतात. विसर्जन झालं की फोन लागत नाहीत. त्यात किनाऱ्याजवळ म्हणून सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या बंधनांचं, लचांड आहेच. तर तो विषय आहे तिथेच आहे.

आता एका सेवाभावी संस्थेने वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घरं बांधायला घेतली आहेत. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-न्हाणीघर. नफा न घेता, बांधायला आलेल्या खर्चातच देणार म्हणतात. किंमत 6,80,000 रुपये. सुरुवातीला 60,000 भरायचे, बाकीचे बिनव्याजी 15 वर्षांत, म्हणजे महिन्याला 3,450 च्या आसपास. शिवाय घरटी श्रमदान, आपल्याही घरावर आणि शेजाऱ्याच्याही. त्याचं आम्हाला काही वाटत नाही, चिरे वाहायची सवय आहे.

अटी अशा: पैसे फिटेपर्यंत घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पर्यटकांनासुद्धा नाही. नंतर विकायचं झालं तर आधी संस्थेला विचारायचं. ही अट मला खरं तर पटते. आमच्या खालच्या आळीत एकेक घर विकलं गेलं आणि आता तिथे रात्री फक्त वीकेंडला दिवे दिसतात. पण दुसरी अट अशी की घर आमच्या नावावर आणि जमीन संस्थेच्याच नावावर, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. इथे सासूबाई अडून बसल्यात. "पायाखालची जमीन दुसऱ्याची, ते घर कसलं?" आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही.

हप्त्याचीही काळजी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा घरात माझ्या मानधनाशिवाय काही येत नाही. आणि दीर म्हणतात, तिकडे राहायला गेलात की इथला हिस्सा गेला समजा. हे खरं का?

कोणी असं घर घेतलंय का? सही करण्याआधी काय काय बघायचं?

कातळपाणी
ताई, कागद नंतर. आधी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या सड्यावर जाऊन या. आत्ता श्रावणात तिकडे सगळं हिरवंगार दिसेल, पण कातळावर पाणी थांबत नाही, एप्रिलपासून हंडे घेऊन खाली उतरायची वेळ येते. विहीर कुठे आहे, ती कोणाच्या मालकीची, टाकी भरणार कोण, पंपाचं वीजबिल कोणाच्या नावाने, हे विचारा. "योजना मंजूर आहे" हे उत्तर धरू नका, नळाला हात लावून बघा. आणि नवऱ्याला पहाटे बंदरावर पोचायला वाहन काय, तेही बघा. लिलावाला उशीर झाला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

निवृत्त अव्वल कारकून
सासूबाईंची शंका रास्त आहे, पण जमीन संस्थेची असणं हा काही फसवणुकीचा पुरावा नव्हे. प्रश्न असा की संस्थेला तो 99 वर्षांचा पट्टा द्यायचा अधिकार मिळाला आहे का. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 चं कलम 36 लागतं. न्यासाची स्थावर मिळकत विकायला किंवा बिनशेती जमीन, इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. तिच्याशिवाय केलेला पट्टा वैध नाही, मग करार कितीही गोड भाषेत लिहिलेला असो. त्या मंजुरीच्या आदेशाची प्रत मागा. संस्था न्यास नसून कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची, नफा न वाटणारी कंपनी असेल तर हे कलम 36 लागत नाही, तिथे संचालक मंडळाचा ठराव बघा.

दुसरं, जमिनीचा सातबारा स्वतः काढा, संस्थेने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. बिनशेतीचा आदेश आणि ग्रामपंचायतीत घरपट्टी कोणाच्या नावाने लागणार, तेही विचारा.

तिसरं, करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय चालत नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून "हेच पुरतं" म्हणणारे फार भेटतात.

दिरांचं म्हणणं चूक. दुसरीकडे राहायला गेलं म्हणून सामाईक हिस्सा जात नाही. फक्त तुमच्या नवऱ्याची वारस नोंद फेरफाराला लागली आहे ना ते तलाठ्याकडे पाहून घ्या. नसेल तर आधी ती करा, बाकी सगळं नंतर.

अटलांटातली आंजर्लेकर
मी गेली काही वर्षं अमेरिकेत जॉर्जिया राज्यात आहे. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था याच राज्यात, अमेरिकस गावात 1976 मध्ये सुरू झाली. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने ती काढली. घर घेणाऱ्याने स्वतः बांधकामावर राबायचं आणि परवडेल एवढाच हप्ता भरायचा, ही तिची पद्धत. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हातोडा घेऊन तिथे राबायचे. 2006 मध्ये ते याच कामासाठी आपल्या लोणावळ्याजवळही आले होते. तेव्हा श्रमदान आणि विक्रीवरची बंधनं यात वावगं काही नाही. इकडे काही न्यास जमीन स्वतःकडे ठेवून फक्त घर विकतात, म्हणजे पुढच्या गरजूलाही ते परवडतं. अर्थात इथला कायदा वेगळा, तिथला वेगळा. कागदांबाबत कारकूनकाकांचं ऐका.

एक मात्र विचारा: काही वर्षांनी घर सोडावं लागलं तर भरलेले पैसे आणि केलेली सुधारणा यांचं काय? ते सूत्र करारातच लिहिलेलं हवं. तसंच मालकाचं काही बरंवाईट झालं तर पट्टा वारसांकडे कसा जाणार, तेही. दोघांचीही नावं लावून घ्या, एकट्या नवऱ्याचं नको.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. नावनोंदणीसाठी मला संस्थेतून एका बाईंचा फोन आला होता, तेव्हा जून-जुलैच्या हप्त्याचं विचारलं. त्या बाई म्हणाल्या, वर्षाचे दहा हप्ते करता येतील, बाकीच्या महिन्यांचे हप्ते थोडे मोठे होतील. ते लिहून द्या म्हटल्यावर "वरिष्ठांना विचारते". धर्मादाय मंजुरीचं विचारलं तर "प्रक्रियेत आहे". आणि अजून एक राहिलं: हे घर घेतलं तर घरकुलाचं काय?

निवृत्त अव्वल कारकून
घरकुलाचं अनुदान, सपाट भागात 1,20,000 रुपये, हे स्वतः बांधायच्या घरासाठी असतं, तयार घर विकत घ्यायला नाही. आणि तुमच्या नावावर पक्कं घर आलं की यादीतून नाव कमी होणार. म्हणजे दोन्ही मिळणार नाही. जागेचा तिढा पुढच्या गणपतीत सुटेल असं मनापासून वाटत असेल तर थांबा, नाहीतर संस्थेचं घर वाईट नाही.

"प्रक्रियेत आहे" म्हणजे आदेश अजून आलेला नाही. तोवर 60,000 देऊ नका. संस्थेला लेखी पत्र द्या: मंजुरी आल्यावर रक्कम भरतो, तोवर आमचं नाव यादीत ठेवा. पोच घ्या. दहा हप्त्यांची गोष्टही त्याच पत्रात टाका. आणि पाण्याचं कातळपाणी म्हणतात ते विसरू नका, आदेश यायला मे उजाडलाच तर जाऊन बघताही येईल.