महासंकटाआधी मंडळी उचलली जाणार का? वचन वाचून माझं मत बदललं

बिरुयाकर (मूळ धागा)

सर्वांना जय ख्रिस्त.

शेवटच्या काळाबद्दल आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांत मिळणारं शिक्षण तोंडपाठ असतं. आधी प्रभू गुप्तपणे येऊन विश्वासणाऱ्यांना उचलून नेईल, मग सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधकाचं, म्हणजे शेवटी प्रकट होणाऱ्या ख्रिस्ताच्या शत्रूचं राज्य, आणि त्यानंतर प्रभू सर्वांदेखत येईल. मीही हेच मानत होतो, तरुण संघात शिकवतही होतो. आता मानत नाही. प्रभू एकदाच येणार, सर्वांदेखत येणार, आणि त्याआधीच्या संकटातून मंडळीला, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, जावं लागणार, असं माझं आजचं मत आहे.

ते बदललं नव्या करारातली प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन्ही पत्रं सलग वाचताना. पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आपण अंत्यविधीला ऐकतो आणि तिथेच थांबतो. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल त्याच लोकांना त्याच विषयावर लिहितोय: प्रभूचं येणं आणि त्याच्याजवळ आपलं एकत्र होणं. तो दिवस येऊन ठेपला या बातमीनं ते लोक घाबरले होते. मंडळी आधीच उचलली जाणार असती, तर पौलाला एका ओळीत धीर देता आला असता की बाबांनो, तुम्ही अजून इथेच आहात, म्हणजे तो दिवस आलेला नाही. तो तसं लिहीत नाही. आधी धर्मत्याग होईल, पापपुरुष (म्हणजे ख्रिस्तविरोधक) प्रकट होईल, त्याशिवाय तो दिवस येणार नाही, असं लिहितो.

मत्तय २४:२९-३१ मध्ये प्रभू स्वतः क्रम सांगतो. संकटानंतर सूर्य-चंद्र अंधारतील, मनुष्याचा पुत्र मेघांवर येताना सर्वांना दिसेल, कर्णा वाजेल आणि निवडलेले चारही दिशांकडून गोळा केले जातील. १ थेस्सलनीकाकर ४ मध्येही मेघ, कर्णा आणि गोळा होणंच आहे. या दोन वेगळ्या घटना आहेत असं मला त्या अध्यायांत कुठेच सापडलं नाही.

मग इतिहास पाहिला. डिडाखे या अगदी जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेच्या शेवटच्या अध्यायात जगाला फसवणारा आधी येतो आणि प्रभू नंतर. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियसही मंडळी ख्रिस्तविरोधकाचा छळ सोसेल असंच धरून चालतो. येणं दोन टप्प्यांत होईल ही मांडणी १८३० च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी यांनी ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत रुजवली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड टीपा-बायबलमुळे ती जगभर गेली. त्याच ब्रदरनांमध्ये बेंजामिन न्यूटन यांनी डार्बींना ठाम विरोध केला होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

तुम्हाला यात काय चुकीचं वाटतं ते वचनासह लिहा.

पाळक, जालना

बंधू, तुमचा अभ्यास प्रामाणिक आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

एक, १ थेस्सलनीकाकर ५:९. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात पृथ्वीवर ओतल्या जाणाऱ्या वाट्या हा देवाचाच क्रोध आहे, मग वधूवर, म्हणजे मंडळीवर, तो कसा येईल? दोन, नोहा आणि लोट. लूक १७ मध्ये प्रभू दोघांचं उदाहरण देतो. नोहा तारवात गेल्यावर पाऊस पडला, लोट बाहेर पडल्यावर सदोमावर आग बरसली. आधी सुटका, मग न्याय. तीन, तीत २:१३. आपण धन्य आशेची वाट पाहतो. आधी ख्रिस्तविरोधक यायचा असेल तर विश्वासणारा वाट कुणाची पाहील, प्रभूची की त्या पापपुरुषाची?

डार्बींचं वर्ष सांगून शिकवण खोटी ठरत नाही. विश्वासाने नीतिमान ठरणं हेसुद्धा १५१७ नंतर, ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेत, मंडळीला नव्याने उमगलं, म्हणून ते नवं होतं का? पौलाने ते आधीच लिहून ठेवलं होतं.

बिरुयाकर

पाळकसाहेब, १५१७ चा मुद्दा मान्य. जुनं म्हणून खरं, असं मी म्हणणार नाही. पण ल्यूथर यांनी रोमकरांस पत्रावर बोट ठेवून दाखवलं. गुप्तपणे उचलून नेण्यासाठी तसं बोट ठेवायला मला एक वचन द्या.

नोहाचं उदाहरण मला उलट दिसतं. मत्तय २४:३९ मध्ये पुराने वाहून नेलं ते न मानणाऱ्यांना. नोहा पृथ्वीवरच होता, पाण्यावर तरंगत, सुरक्षित. पीडा आल्या तेव्हा इस्राएल लोकही मिसरातच होते आणि देवाने गोशेन प्रांत राखला. संकटातून जाणं आणि देवाचा क्रोध सोसणं यांत फरक आहे. प्रभूने योहान १७:१५ मध्ये पित्याजवळ हेच मागितलं: त्यांना जगातून काढून घ्यावं असं नव्हे, त्यांना वाईटापासून राखावं.

मेथॉडिस्ट_पुणे

मला दोघांच्याही मतापेक्षा पद्धतीची काळजी वाटते. घरी बसून वाचलं आणि मत बदललं, हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे का? अमेरिकेतले विल्यम मिलर शेतकरी होते. बायबल आणि शब्दसूची एवढंच घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं मनापासून अभ्यास केला आणि दानीएल ८:१४ वरून प्रभूच्या येण्याचा काळ काढला. त्या चळवळीने शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो माणसं वाट पाहत राहिली आणि काहीच घडलं नाही. किती जणांचा विश्वास तेव्हा मोडला असेल. २०११ मध्ये २१ मेची तारीख देणारे हॅरल्ड कॅम्पिंग हेही स्वतः शिकलेले अभ्यासकच. २ पेत्र १:२० डोळ्यांसमोर ठेवा: शास्त्रातला संदेश कुणी स्वतःच्या मनाने उलगडायचा नसतो. प्रेषितांच्या कृत्यांत एक कूशी अधिकारी रथात यशयाचं पुस्तक वाचत होता; समजावून सांगायला फिलिप्प त्या रथात चढून बसला नसता तर त्याला ते कळलं असतं का?

बिरुयाकर

मिलर यांचं उदाहरण जड आहे, मी ते टाळत नाही. त्यांनी तारखेकडे बोट केलं, आणि तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही हे वचन बाजूला पडलं. यावरून कमी वाचावं असं ठरत नाही. सगळं वाचावं आणि एकत्र वाचावं असं ठरतं. बिरुया गावचे लोक दररोज शास्त्र शोधून पाहत होते, पौलाचं बोलणंही पडताळून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांना थोर मनाचे म्हणतं. आपल्या मातीतल्या पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः मराठीत बायबल उतरवलं, कारण साध्या बाईच्याही हाती वचन जावं ही त्यांची तळमळ होती. मी हे मत इथे मांडलंय ते पडताळलं जावं म्हणूनच.

वसईकर

कॅथलिक म्हणून दोन शब्द. आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद ६७५ स्पष्ट आहे: ख्रिस्ताच्या पुनरागमनाआधी ख्रिस्तसभेला अखेरच्या कसोटीतून जावं लागेल, आणि अनेकांचा विश्वास त्यात डळमळेल. त्यामुळे बिरुयाकरांना जे नव्याने सापडलं ते आम्हाला वेगळं वाटत नाही. पण पृथ्वीवरचं हजार वर्षांचं राज्य ते शब्दशः घेत असतील, तर तिथे आमची वाट वेगळी होते. संत ऑगस्टिन यांनी प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं ख्रिस्तसभेच्या आत्ताच्या काळाला लावली, आणि ते मला पटतं.

संडेस्कूलची ताई

तुमचे अध्याय मी शांतपणे वाचले. माझा प्रश्न मुलांचा आहे. एका वर्गात शिकवलं गेलं की आई-बाबा उचलले जातील आणि खोटं बोलणारी मुलं मागे राहतील. नंतर एक मुलगी घरात कुणी दिसलं नाही की रडत सुटायची. पाळकसाहेब, १ थेस्सलनीकाकर ४ च्या शेवटी पौल म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या शिकवणीने आठ वर्षांचं लेकरू रात्री उठून आईचा बिछाना चाचपतं, ती शिकवण त्या वचनातली असूच शकत नाही. आणि बिरुयाकर भाऊ, तुमचं मत खरं असेल तर त्याच लेकराला तुम्ही महासंकटाबद्दल काय सांगणार? तेही मला हवंय.

पाळक, जालना

ताई, मुलांना असं घाबरवणं पाप आहे, आणि हे मी आमच्या शिक्षकांनाही सांगतो. मी सुटकेची आशा शिकवतो. मागे राहण्याची धमकी देत नाही.

बिरुयाकर

ताई, त्या लेकराला मी प्रकटीकरणात प्रभूने ज्या सात मंडळ्यांना पत्रं दिली त्यांतल्या स्मुर्णाच्या मंडळीबद्दल सांगेन, प्रकटीकरण २:८-११. प्रभू त्यांना म्हणतो, तुम्हाला संकट सोसावं लागेल, पण भिऊ नका, मी मेलो होतो आणि जिवंत झालो. आई-बाबा, तू आणि प्रभू, कुणीच कुणाला सोडून जाणार नाही, एवढं त्याला कळतं. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ साली ज्यांची घरं जाळली गेली, ते विश्वासणारे जंगलात लपले होते. त्यांना 'संकटाआधीच सुटका होईल' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पाळक, जालना

कंधमालच्या बांधवांचं दुःख मीही प्रार्थनेत वाहिलंय. तसलं संकट मंडळीला पहिल्या शतकापासून आहे, ते कुणी नाकारत नाही. मी बोलतोय प्रकटीकरण ३:१० बद्दल. स्मुर्णाला सांगितलेला छळ दहा दिवसांचा आणि त्या गावचा. त्याच सातांतल्या फिलदेल्फियाच्या मंडळीला जे वचन दिलं आहे ते सगळ्या जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं. दोन्ही पत्रांना एकाच मापात बसवू नका. तुम्ही इतकं लिहिलंत, पण हे वचन अजून उघडलेलं नाही. ते उघडा, मग पुढे बोलू.