'डेथ मॅग्नेटिक'ला गोंगाट म्हणणाऱ्यांना

रंकाळ्याचा_रिफ
काल इथं एकानं अमेरिकन मेटल बँड मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बमबद्दल लिहिलं : "१९९१ च्या काळ्या अल्बमनंतर मेटॅलिका संपली. डेथ मॅग्नेटिक म्हणजे सव्वा तासाचा गोंगाट, म्हाताऱ्यांनी केस काळे करून केलेला." खाली ढीगभर अंगठे. त्यातल्या किती जणांनी दहाच्या दहा गाणी ऐकलीत, अंबाबाईलाच ठाऊक.

संपली म्हणायचंच असेल तर २००३ साली म्हणा. त्या सालच्या 'सेंट अँगर' अल्बममध्ये गिटारचा एक सोलो नाही, स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडून नुसती ठणठण, आणि बासवाला न्यूस्टेड सोडून गेलेला म्हणून बास वाजवायला निर्माता बॉब रॉकच बसलेला. त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, हेच लोक सात-आठ मिनिटांची गाणी घेऊन आले. बॉब रॉक जाऊन रिक रुबिन आला आणि त्यानं यांना १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बमच्या दिवसांत तुम्ही कसा विचार करायचा ते आठवा म्हणून सांगितलं. नव्या बासवाल्या ट्रुहियोचा हा बँडसोबतचा पहिलाच स्टुडिओ अल्बम. 'द डे दॅट नेव्हर कम्स' हळू सुरू होतं, आणि मध्यानंतर गिटारवाले जेम्स आणि कर्क जे पळत सुटतात ते ऐकून मी तरी खुर्चीत बसू शकलो नव्हतो. 'ऑल नाइटमेअर लाँग' तर सोडाच. पंचेचाळिशीतली माणसं होती ही तेव्हा. आमच्याकडे पंचेचाळिशीत लोक गुडघ्याला पट्टा बांधतात.

दोन गाणी कमी चालली असती, मान्य. 'अनफरगिव्हन'चा तिसरा भाग कुणी मागितला नव्हता. पण गोंगाट?

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
भावा, गाणी चांगली आहेत की. गोंगाट म्हणणारा पण बरोबर आहे. तुला कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

ती सीडी कॉम्प्युटरवर टाकून आवाजाची लाट बघ. वर-खाली काही नाही, सलग वीट. सगळं लिमिटरला, म्हणजे आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्राला, दाबून दाबून वर नेलंय, स्नेअरच्या ठोक्याचं डोकं कापलंय, आणि जोरात वाजतं तिथं चक्क फाटतंय. मास्टरिंग, म्हणजे आवाजावर शेवटचा हात, फिरवणाऱ्या टेड जेन्सननंच सांगितलं की सगळी वाद्यं एकत्र केलेलं मिक्स माझ्याकडं आलं तेव्हाच चेचलेलं होतं. आणि गंमत बघ, त्याच दिवसांत 'गिटार हिरो' खेळासाठी जी गाणी दिली त्यांवर हा शेवटचा दाब नव्हता. लोकांनी ती खेळातून काढून ऐकली आणि म्हणाले, अरे, ड्रम आहेत की यात! हजारो चाहत्यांनी सह्या करून परत मिक्स करा म्हणून मागणी केली. ड्रमवाला लार्स म्हणतो, मी गाडीत ऐकलं, झक्कास वाटलं. गाडीत!

तालमीत सगळ्यांनी एकदम शड्डू ठोकले तर कुस्ती कोण बघणार? हळू आहे म्हणून जोरात कळतं.

रंकाळ्याचा_रिफ
झालं का पुराण? तो अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरला गेला, 'माय अपॉकॅलिप्स'ला ग्रॅमी मिळालं, रुबिनला त्या वर्षीचा निर्माता म्हणून ग्रॅमी मिळालं. तिथं कुणी लाट बघत बसलं नाही. आणि २००८ साली तू कशावर ऐकला होतास? राजारामपुरीतल्या नेट कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणलेल्या एमपी३ वर. मी होतो शेजारच्या खुर्चीवर. त्या एमपी३ वरून तू मला ड्रमचं डोकं सांगणार?

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
एमपी३ वर पण फाटत होतं, यातच सगळं आलं. ग्रॅमीचं सांगू नको, 'सेंट अँगर'ला पण मिळालंय.

महाद्वाररोडची_मी
एक मिनिट. हे स्पीकरवाले म्हणजे गणपतीत डॉल्बी भाड्यानं देणारेच ना? ते आता आवाज फार आहे म्हणून तक्रार करणार?

माझं घर मिरवणुकीच्या वाटेवर आहे. विसर्जनाच्या दिवशी सकाळी जे सुरू होतं ते दुसऱ्या दिवसापर्यंत. कपाटाच्या काचा थरथरतात, भिंतीला हात लावला तर कळतं कोणतं मंडळ आलंय. गेल्या वेळी सासऱ्यांची बायपास होऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांना आदल्या रात्रीच नणंदेकडे कागलला नेऊन ठेवलं. सणासुदीला म्हातारं माणूस घराबाहेर! निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात लिहिलेलं आहे. वाचलंय का कुणी?

तुमच्या मेटॅलिकाचं मला काही माहीत नाही. माझा मुलगा ऐकतो, हेडफोन लावून. कुणाला त्रास नाही.

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
ताई, तुमचा राग समजतो. पण आमची बाजू पण ऐका. मी आवाज ठरवतच नाही. शेजारचं मंडळ पुढं उभं राहिलं, त्याचा बेस जास्त आला, की आमचा कार्यकर्ता ट्रॅक्टरवर चढून ओरडतो, "वाढीव!" नाही वाढवला तर पुढच्या वर्षीची ऑर्डर गेली, उरलेले पैसे पण अडकले. बेस बिन, अँप्लिफायर, जनरेटर, सगळं कर्जावर. गुन्हा दाखल झाला की सामान आमचं जप्त, मंडळाचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी मोकळे. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट ताकद लागते, त्याचं डिझेल पण आमच्याच खिशातून.

महाद्वाररोडची_मी
म्हणजे शेजाऱ्यापेक्षा आपला आवाज मोठा हवा म्हणून सगळेच वाढवतात. मग त्या लार्सनं वेगळं काय केलं? रेडिओवर आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा हळू वाजू नये एवढंच ना? त्याला शिव्या, आणि तुम्ही बिचारे?

रंकाळ्याचा_रिफ
ताई, नाद खुळा! एकच नंबर!

देवल_क्लबचा_श्रोता
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. ज्या कोल्हापूर गावात अल्लादिया खाँसाहेब राहिले, जिथं शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं आणि माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचायचं, त्या गावात आज तुम्ही कोणता गोंगाट कमी वाईट यावर भांडताय. ते नाट्यगृह २०२४ मध्ये जळालं तेव्हा यातलं कोण रडलं?

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
मी रडलो काका. पहिलं साउंडचं काम तिथंच केलंय मी. तुम्ही पत्ता न विचारता फैसला देऊ नका. आणि हलगी-घुमकं-कैताळ काय हळू वाजतं व्हय? जवळ उभं राहा, कान बधिर होतात.

देवल_क्लबचा_श्रोता
हलगी माणूस वाजवतो. दमला की थांबतो. तुमचा जनरेटर दमत नाही.

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
हे मात्र खरं बोललात. दमतो तो मी.

निपाणीपुढचा
तुम्ही सगळे घरात बसून बोलताय. मी ३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळुरूला पॅलेस ग्राउंडवर होतो. दोन दिवस आधी गुडगावचा शो रद्द झालेला, लोकांनी स्टेज फोडलेलं, त्यामुळं हा तरी होतो का म्हणून रात्रभर बसमध्ये झोप नाही. कोल्हापुरातून असलं काही बघायचं तर कायम दुसऱ्याच्या गावाला जायचं. इथं ना हॉल, ना बँडला प्रॅक्टिसला खोली. आम्ही एका मित्राच्या गूळ ठेवायच्या खोलीत वाजवायचो, गिटारच्या तारांना मुंग्या. मालकानं हाकललं. कारण? "आवाज येतो." त्याच मालकाच्या मंडळाचा डॉल्बी गल्लीत सगळ्यात मोठा!

तर सांगायचं हे, की समोर मेटॅलिका वाजत असताना आवाज किती दाबला, कम्प्रेशन बिम्प्रेशन काही आठवत नाही.

रंकाळ्याचा_रिफ
तेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून! गाणं दमदार असेल तर तांत्रिक भानगडी नंतर.

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
अरे लेका, समोर वाजतं तेव्हा ती वीट नसतेच. स्नेअर छातीत बसतो, मधल्या जागा रिकाम्या राहतात. तो माझ्या बाजूनं बोलतोय आणि तू टाळ्या वाजवतोयस. २०१५ मध्ये आयट्यून्ससाठी हाच अल्बम परत मास्टर केला, दाब कमी करून. चूक नव्हती तर कशाला हात लावला? आधी तो ऐक, मग बोलू.

रंकाळ्याचा_रिफ
ऐकला आत्ता. ड्रम जास्त कळतात. बास पण. ठीक आहे, सन्माननीय ध्वनितज्ज्ञ, तुमचं एक मत ग्राह्य धरलं. पण तीच गाणी आहेत, एक सूर बदललेला नाही, त्यामुळं अल्बम १९९१ नंतरचा त्यांचा सगळ्यात चांगला, यावर मी ठाम. त्यांचा २०२३ चा '७२ सीझन्स' आणून मध्ये टाकू नका, तो सत्याहत्तर मिनिटांचा आहे आणि मला दुकान उघडायचंय.

महाद्वाररोडची_मी
स्पीकरवाले, आवाज कमी केल्यावर चांगलं ऐकू येतं हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. यंदा आमच्या दारासमोर आलात की मी गॅलरीत उभी राहून हेच ओरडणार आहे.

स्पीकरवाला_मंगळवारपेठ
ओरडा ताई. ऐकू येणार नाही.

महाद्वाररोडची_मी
निर्लज्ज. मंडळाचं नाव सांगा.